वरच्याचा गुडघा

दाजींच्या डाव्या गुडघ्यात पहिली कळ आली ती एका भल्यामोठ्या कपाटाखाली, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. कळ वाटीत नव्हती. वाटीच्या जरा खाली, बोटाने चाचपलं तर जिथे जाड दोरीसारखं काही लागतं, तिथे होती. दाजींनी तिच्याकडे काणाडोळा केला. आजवर पाठ, खांदा, मनगट, अक्कलदाढ आणि सासूबाई अशा बऱ्याच दुखण्यांकडे त्यांनी काणाडोळा केला होता आणि ती सगळी आली तशी आपापल्या पायांनी निघून गेली होती. ही मुक्कामाला आली होती.

धंदा सामान हलवण्याचा. कुणी घर बदलतं, कुणी दुकान बंद करतं, कुठे भावाभावांत वाटणी होते. सामान मात्र सगळ्यांचंच एका जिन्यावरून खाली आणावं लागतं आणि दुसऱ्या जिन्यावरून वर न्यावं लागतं. त्यासाठी दाजींकडे एक टेम्पो होता, सहा जुनी ब्लँकेटं होती, खांद्यावरून घ्यायचे दोन रुंद पट्टे होते आणि बायकोचा धाकटा भाऊ होता. घरातलं शेंडेफळ म्हणून त्याला सगळे बारक्या म्हणत. पुढे तो सहा फुटांच्या वर गेला, नाव तेवढं वाढायचं राहिलं. बारक्या त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून टेम्पो उभे राहायचे त्या कोपऱ्यावरचे सगळेच दाजी म्हणायला लागले, अगदी त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा. एका लग्नात इतके मेहुणे मिळालेला दुसरा माणूस नसेल.

जिन्यावरून जड वस्तू न्यायची तर एक माणूस खाली लागतो आणि एक वर. चढताना वरचा उलटा चालतो, उतरताना खालचा उलटा चालतो. म्हणजे दोघांची तोंडं कायम एकमेकांकडे आणि मधे कपाट. वजन खालच्यावर जास्त येतं, म्हणून मानही खालच्याचा. वरच्याने फक्त वाट सांगायची: भिंत आली, कठडा आला, शेवटची पायरी. 'थांब' म्हणायचा हक्क एकट्या खालच्याचा. त्याने थांब म्हटलं की वरच्याने पाय जागच्या जागी रोवायचा, का म्हणून विचारायचं नाही. वरच्याने मात्र थांब म्हणायचं नाही, कारण खालचा चालता असताना वरचा अचानक थबकला तर पट्ट्याला हिसका बसतो आणि खालच्याचा तोल जातो. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण या धंद्यात जे धडधाकट टिकले ते सगळे हे पाळतात.

दाजी सव्वीस वर्षं खालचे होते. त्यातली चौदा वर्षं वर बारक्या. आणि या सव्वीस वर्षांत दाजींनी मधल्या पायरीवर एकदाही थांब म्हटलं नव्हतं. टप्पा सुरू केला की तो संपवूनच वस्तू टेकवायची. कोपऱ्यावरचे लोक त्यांना कौतुकाने विनाथांबा म्हणत. दाजी 'काहीतरीच काय' म्हणून मान खाली घालत, पण ऐकायला उभे राहत. माणसाला एकच गोष्ट चांगली जमत असेल तर तो ती जिवापाड जपतो. त्यात हसण्यासारखं काही नाही.

महिनाभर त्यांनी कळ दाबून नेली. मग एका सकाळी पलंगावरून उठताना तोंडातून 'आई गं' निघालं आणि नेमकं ते बायकोने ऐकलं. बायकोने वाद घातला नाही. वादात दाजी जिंकत आणि मग करत काहीच नसत, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. तिने फोन फिरवला, वेळ घेतली आणि नवऱ्याला पुढे घालून फिजिओकडे नेलं.

फिजिओ त्यांच्या मुलीच्या वयाची होती. तिने दाजींना एका उतरत्या फळीवर एका पायावर उभं केलं आणि हळूहळू गुडघा वाकवायला सांगितला.

"किती दुखतंय? काहीच नाही म्हणजे शून्य, जीव जातोय म्हणजे दहा."

"शून्य," दाजी म्हणाले.

"मग कपाळावर घाम कसला?"

"उकडतंय इथे."

"आठ लिहा," बायको खुर्चीवरून म्हणाली.

फिजिओने आठ लिहिलं. मग तिने दाजींना बसवलं आणि वाटीखाली अंगठा ठेवून समजावून सांगितलं. वाटीला नडगीच्या हाडाशी बांधणारी ही जाड दोरी, हिला कंडरा म्हणतात. वर्षानुवर्षं ओझं वाहून ती दुखावली आहे. उड्या मारणाऱ्या खेळाडूंना हे होतं, आणि जिन्यावरून ओझी वाहणाऱ्यांना. यावर एक पट्टा मिळतो, तो वाटीच्या खाली, बरोबर त्या दोरीवर बांधायचा, एक बोट आत जाईल इतकाच घट्ट. त्याने दोरीवरची ओढ जरा विभागते आणि दुखणं कमी जाणवतं.

"पण पट्टा म्हणजे इलाज नव्हे," ती म्हणाली. "इलाज हा व्यायाम. भिंतीला पाठ लावून बसायचं, सावकाश उठायचं. दिवसाआड, न चुकता. आणि तीन महिने वजन कमी उचलायचं. दोरी पुन्हा धट्टीकट्टी होते, पण तिच्या कलाने. पट्टा फक्त तोवर सोबतीला. आणि उतरताना जपा. चढण्यापेक्षा उतरणं वाईट, सगळं अंग त्या एका दोरीवर तोललं जातं."

"उलटं उतरलं तर?" दाजींनी विचारलं.

"उलटं उतरताना बराच कमी भार येतो. पण उलटं कोण उतरतं?"

दाजी गालातल्या गालात हसले. सव्वीस वर्षं ते उलटेच उतरत होते. देवाने जणू त्यांचा गुडघा बघून धंदा दिला होता, किंवा धंदा बघून गुडघा.

पट्टा घेतला. व्यायामाचा कागद बायकोने फ्रिजवर लावला, तो तिथेच राहिला. आणि इथे दाजींची जी चूक झाली ती दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसाची झाली नसती. मास्तर असता, शिंपी असता, तर त्याने पट्ट्याला पट्टा मानलं असतं. पण दाजींच्या आयुष्यात पट्टा म्हणजे ओझं उचलणारी वस्तू. हातांनी उचलवत नाही ती वस्तू पट्ट्याने उचलते, हे त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिलेलं. पट्टा जितका घट्ट तितकं वजन हलकं, आणि एकाने भागत नसेल तर दोन लावायचे. त्यांना वाटलं, गुडघ्याचं ओझं आता पट्ट्याने उचललं, गुडघा मोकळा झाला. फिजिओ बाकीचं जे काही बोलली ते पालथ्या घड्यावर पाणी.

पहिले पंधरा दिवस छान गेले. कळ अर्ध्यावर आली. मग कळ पुन्हा वर सरकली, तेव्हा दाजींनी पट्टा आणखी घट्ट केला. बोट जाईना, पण चालायला बरं वाटलं. महिन्याने त्यांनी मांडीपासून पोटरीपर्यंत येणारा एक लवचिक मोजा आणला आणि पट्टा त्यावर बांधला. आणखी महिन्याने दोन्ही बाजूंना पोलादी बिजागऱ्या असलेला एक भक्कम आधार आणला आणि तो मोज्यावर चढवला. आता गुडघ्याभोवती इतकं सामान झालं होतं की ते हलवायलाच एक टेम्पो लागला असता.

हे सगळं ढगळ पँटच्या आत. बारक्याला सांगायचं नव्हतं, कोपऱ्यावर कुणाला कळू द्यायचं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. बिजागरी चालताना बारीक कुरकुरायची, तेव्हा दाजींनी सांगितलं की बूट नवीन आहेत. बारक्याने बुटांकडे पाहिलं. बूट चार वर्षांचे होते. घरी जाऊन दाजींनी बिजागरीत तेल घातलं.

दिवसा गुडघा गप्प असायचा. सकाळी मात्र, गुडघ्यावर काही बांधलेलं नसताना, न्हाणीघरापर्यंतची आठ पावलं त्यांना भिंत धरून जावी लागत. हे गणित समजायला फार हुशारी लागत नाही. पण दाजींनी ते मांडलंच नाही, कारण मांडलं की उत्तर येतं.

बायकोला कळलं ते धुण्यात. दाजींनी तो लवचिक मोजा गुपचूप मशीनमध्ये टाकला आणि पट्टाही त्यालाच चिकटून गेला. मशीनमध्ये त्या पट्ट्याच्या वेल्क्रोच्या काट्यांनी तिच्या लोकरीच्या स्वेटरला अशी मिठी मारली की दोघांना सोडवताना स्वेटरची एक बाही गेली. तिने तिन्ही वस्तू पलंगावर मांडल्या: पट्टा, मोजा, स्वेटर.

"व्यायाम किती दिवस केला?"

"करतो की."

"किती दिवस?"

"पट्ट्याने बरं वाटतंय ना, मग?"

ती स्वेटरची उसवलेली बाही घेऊन बाल्कनीत गेली आणि तिने भावाला फोन लावला. दाजींना शब्द ऐकू आले नाहीत, पण आवाजाच्या चढउतारावरून काय ते कळलं. इतके महिने झाकलेली मूठ एका स्वेटरने उघडली. त्यांना राग आला आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली.

दोन दिवसांनी काम होतं दातांच्या एका डॉक्टरीणबाईंचं. बाई सत्तरीच्या. एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा दवाखाना, चाळीस वर्षांचा. आता त्या बंद करत होत्या आणि खुर्ची शिकाऊ डॉक्टरांच्या एका दवाखान्याला देणार होत्या. खुर्ची म्हणजे ती पेशंटला आडवं करणारी. वरचा भाग कारागिराने आधीच सोडवून ठेवला होता, तो गादीसारखा हलका. खालचा भाग म्हणजे ओतीव लोखंडाचं बूड, आत तेलाचा पंप, वजन शंभर किलोच्या आसपास आणि तेही सगळं एका बाजूला. इमारतीला लिफ्ट होती, पण तिच्यात दोन सडपातळ माणसं एकमेकांची ओळख असेल तरच मावत.

दाजींनी बुडाभोवती ब्लँकेटं गुंडाळली, पंपाची बाजू कुठली ते ठोकून पाहिलं आणि पट्टे अडकवले. मान वर केली तर बारक्या जिन्याच्या दोन पायऱ्या खाली जाऊन उभा. खालचा पट्टा त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतलेला.

"ए, तिकडे कुठे?"

"आज खाली मी," बारक्या म्हणाला. "सहज. एकदा बघतो."

"इतक्या वर्षांत नाही बघितलंस, आजच कुठून सुचलं?"

"दाजी, एकदा तरी माझं ऐका ना."

त्याने ते इतक्या हळू आवाजात म्हटलं की दाजींना पुढचं विचारावं लागलं नाही. बहिणीने सांगितलं आणि भावाने मनावर घेतलं. दाजींचं ओझं आपल्या अंगावर घ्यायचं, एवढा साधा, सरळ विचार. आणि त्या साध्या, सरळ विचाराने दाजी आगीतून फुफाट्यात पडले होते. कारण आज उतरायचं होतं. उतरताना खालचा उलटा जातो, त्याच्या गुडघ्याला फारसं काही होत नाही. वरचा समोर तोंड करून उतरतो, आणि प्रत्येक पायरीला त्याचा गुडघा वाकत, थरथरत, ओझ्यासकट सगळं अंग तोलतो. फिजिओने जपा म्हणून जे सांगितलं होतं ते नेमकं हेच.

हे बारक्याला सांगायचं तर गुडघ्याचं सगळंच आपल्या तोंडाने कबूल करावं लागणार. गेल्या पाच महिन्यांत किती वेळा खोटं बोललो तेही. दाजींनी हिशेब केला: सहा टप्पे, टप्प्याला अकरा पायऱ्या. खाली बारक्या, ज्याच्या घरी सात महिन्यांची मुलगी. मधे शंभर किलो लोखंड. आणि हे सगळं वरून धरायला एक डावा गुडघा. माणूस शहाणा असता तर इथेच थांबला असता. दाजींनी पट्टा खांद्यावर घेतला. इतक्या वर्षांची सवय आधी खांद्याला असते, डोक्याला नंतर पोचते.

"उचल," खालून बारक्या म्हणाला.

पहिला टप्पा निभावला. दाजी डावा पाय आधी खाली टाकायचे आणि मग उजवा त्याच्या शेजारी आणायचे, म्हणजे वाकायचं काम उजव्यावर. पण असं एकेक पायरी थबकत उतरलं की लय मोडते, आणि लय मोडली की लोखंड झुलायला लागतं.

"दाजी, पाय जुळवा. हलतंय हे."

त्यांनी पाय जुळवले. एकदा डावा, एकदा उजवा. प्रत्येक दुसऱ्या पायरीला वाटीखालची दोरी ताणली जायची आणि पट्टा, मोजा, बिजागरी हे सगळे मिळून तिला गप्प करायचे. दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी बारक्याने वस्तू टेकवली. तिसऱ्या टप्प्याच्या मधेच, पाचव्या पायरीवर, तो म्हणाला, "थांब."

दाजींनी पाय रोवला. बारक्याने बूड पायरीच्या कडेवर टेकवलं, मांडीने तोललं आणि नुसता उभा राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. जरा."

"एवढ्यात दमलास? अजून अर्ध्यावरपण नाही आलो."

वरून डॉक्टरीणबाई कठड्यावरून वाकून बघत होत्या. चाळीस वर्षं रोज ज्या वस्तूपाशी उभं राहायचं ती अशी ब्लँकेटात बांधून निघालेली बघताना माणसाला काय वाटत असेल कोण जाणे. त्या म्हणाल्या, "सावकाश हं. मला काही घाई नाही."

चौथ्या टप्प्यात बारक्या पुन्हा मधेच थांब म्हणाला. यावेळी दाजी चिडले, तोंडाने नाही, मनात. सव्वीस वर्षांत आपण जे एकदाही म्हटलं नाही ते हा दर अकरा पायऱ्यांना म्हणतोय. खालचा होणं म्हणजे काय हे कळलं ना आता, असं त्यांना वाटलं. आणि त्याच वेळी, ते पाय रोवून उभं राहायचं एक मिनिट त्यांना इतकं हवंहवंसं वाटलं की स्वतःचीच कीव आली.

पाचवा टप्पा अरुंद होता. एका बाजूला भिंत, एका बाजूला लोखंडी कठडा, मधे जेमतेम बूड मावेल एवढी जागा. पंपाची जड बाजू वळणावर फिरली होती आणि आता दाजींच्या डाव्या हाताला आली होती. पहिली पायरी. दुसरी. तिसऱ्या पायरीला वाटीखाली काहीतरी चटकन पेटलं. पट्ट्याने ते अडवलं नाही, मोज्याने नाही, पोलादाने नाही. सगळे जागच्या जागी होते आणि त्यांच्या आत गुडघा एकटा पडला होता.

चौथी पायरी. मांडी थरथरायला लागली. दाजींना अगदी शांतपणे कळलं की आणखी दोन पायऱ्या, फार तर तीन. मग हा पाय घडीच्या खुर्चीसारखा मिटणार, शंभर किलो खाली सरकणार आणि खाली पाठीमागे अजून पाच पायऱ्या असलेला, उलटा चालणारा माणूस. त्याला हे काहीच ठाऊक नाही. त्याचे डोळे ब्लँकेटावर आहेत आणि तो वरच्याच्या शब्दाची वाट बघतोय: भिंत, कठडा, पायरी.

वरच्याने थांब म्हणायचं नसतं. म्हटलं तर हिसका. नाही म्हटलं तर त्याहून वाईट. आणि सव्वीस वर्षं.

"थांब!" दाजी ओरडले. "बारक्या, थांब, थांब!"

जिन्यात आवाज घुमला. बारक्याने का म्हणून विचारलं नाही. वरच्याला हा हक्क नाही, हेसुद्धा त्याच्या मनात आलं नाही. त्याने एक पाय मागच्या पायरीवर टेकवला, छाती बुडाला लावली आणि दात आवळून जागच्या जागी उभा राहिला. पट्ट्याला हिसका बसला, तो सहा फुटांचा माणूस मुळापासून हलला आणि पडला नाही. मग त्याने बूड इंचाइंचाने कठड्याकडे झुकवलं, पायरीवर आडवं टेकवलं आणि त्याच्याभोवतीचं एक ब्लँकेट ओढून त्याच्याखाली कोंबलं. दुसरं ब्लँकेट भिंतीच्या फटीत. लोखंडाने एकदा 'कट्' आवाज केला आणि ते अडकून बसलं. बारक्याने ते दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. हललं नाही.

दाजी पायरीवर बसले; बसले म्हणण्यापेक्षा कोसळले. पलीकडे, बुडाच्या खालच्या बाजूला, बारक्याही बसल्याचा आवाज आला. मधल्या लोखंडामुळे दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नव्हती.

पलीकडून बारक्याने विचारलं, "गुडघा?"

"हो."

"डावा ना?"

"तुझ्या ताईने तेही सांगितलंय तर."

"म्हणून तर खाली आलो. म्हटलं, तुमच्यावर ओझं नको. मधेमधे थांब म्हणत होतो ते पण तुमच्यासाठीच. तुम्ही तर म्हणणार नाही."

दाजींचं तोंड कडू झालं. या पोराला त्यांनी मघाशी मनातल्या मनात दमलेला ठरवलं होतं. आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि लोखंडाच्या आडून सांगणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

"बारक्या, तू चांगलं करायला गेलास, पण उलटं झालं रे. उतरताना वजन खालच्यावर असतं, पण गुडघा जातो तो वरच्याचा. उलटं उतरणाऱ्याला विशेष काही होत नाही. ती फिजिओ मला पहिल्याच दिवशी म्हणाली होती. मला ठाऊक होतं आणि मी बोललो नाही. तुझ्या डोक्यावर आणून टाकलं असतं आज सगळं."

दाजींना वाटलं तो चिडला असेल, आणि चिडायचा त्याला पुरता हक्क होता.

"खालच्याला काही होत नाही?" बारक्याने विचारलं.

"गुडघ्याला नाही. फारसं नाही."

"तरीच. आज खाली आलो, चार टप्पे उतरलो आणि गुडघे दुखलेच नाहीत. मला वाटलं, धरण्यातच काहीतरी चुकतंय."

दाजींनी मान वर केली. समोर ब्लँकेटात गुंडाळलेलं लोखंड, आणखी काही नाही.

"तुझे दुखतात?"

"दोन्ही."

"कधीपासून?"

"झाली पाच-सहा वर्षं. उतरतानाच जास्त." तो हे अगदी सहज सांगत होता, कुणी आपल्या चपलेचा नंबर सांगावा तसं. "मला वाटायचं, वर उभं राहून आपल्याला इतकं दुखतं, तर खाली दाजींना किती दुखत असेल. आणि ते तर कधी चकार शब्द काढत नाहीत. खालचा थांब म्हणत नाही, मग वरच्याने कुठल्या तोंडाने म्हणायचं?"

सहा वर्षं. सहा वर्षांतले जिने मोजायला त्यांनी मनात सुरुवात केली आणि लगेच सोडून दिली, कारण प्रत्येक जिन्यावर ते स्वतः खाली होते, उलटे, आरामात, एकदाही न थांबता, आणि वर हा होता. कोपऱ्यावर लोक ज्याचं कौतुक करत ते सगळं या माणसाच्या दोन गुडघ्यांवरून खाली उतरलं होतं. दाजींना रडायला आलं नाही. त्यांना फक्त असं वाटलं की आपण फार मोठ्या आवाजात, फार वर्षं, काहीतरी चुकीचं बोलत होतो.

"मला सांगायचंस रे," ते शेवटी म्हणाले. बोलल्यावर त्यांनाच ते ऐकवेना.

"सांगून काय, मलाही एक पट्टा घेऊन दिला असतात," बारक्या म्हणाला आणि हसला. दाजींनाही हसू फुटलं, नको असताना.

मग दाजींनी खिशातून फोन काढला, कोपऱ्यावर लावला आणि दोन माणसं पाठवायला सांगितली. का, म्हणून पलीकडच्याने विचारलं. दाजींनी कारण सांगितलं, दोघांचंही, आणि पलीकडचा काही बोलायच्या आत फोन ठेवून दिला. वर दवाखान्यात डॉक्टरीणबाई रिकाम्या खोलीत झाडू मारत होत्या, त्याचा आवाज येत होता.

"अर्ध्या तासात येतील," दाजी म्हणाले. "तोवर आपण खाली टेम्पोपाशी जाऊन बसू. तू निघ पुढे."

बारक्या हलला नाही.

"अरे, ऊठ की."

"दाजी," तो ओशाळून म्हणाला, "जरा हात द्यावा लागेल. असं खाली बसलं की मला एकट्याने उठवत नाही. रोज मी टेम्पोच्या चाकाला धरून उठतो."

दाजींनी लोखंडाच्या वरून हात पुढे केला. पलीकडून तो मोठा, घामाने ओला पंजा आला आणि त्याने त्यांचा हात घट्ट धरला. दाजींनी ओढायला जोर लावला आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आधी आपल्यालाच कुणीतरी उठवायला हवंय. बारक्यालाही ते कळलं असावं, कारण त्याने ओढायचं सोडून दिलं. हात मात्र दोघांनीही सोडला नाही.